बारावं दाभण

"गटारात पडलं असेल, सिसेल. एका दाभणासाठी आगगाडी थांबवायची का?"

"गटार मी उपसून पाहिलंय. या हातांनी. वास नाही येत तुम्हाला?"

"मग उंदराने नेलं असेल."

"उंदीर चरबी नेतो, साहेब. लोखंड नेणारा उंदीर कचेरीत असला तर असेल, आमच्यात नाही."

तागाच्या कापडाची थप्पी माझ्या डोक्याहून उंच होती. तिच्यामागे मी हरवलेलं दाभण शोधत होते, तेव्हा पलीकडून हे भांडण कानावर आलं. एकीकडे विदबेर्गसाहेब, म्हणजे आमच्या एगट्रुपच्या सहकारी खाटीकखान्याचे मॅनेजर. दुसरीकडे सिसेल, गासड्या शिवणाऱ्या बायकांची मुख्य. मी तिथेच उभी राहिले.

"सकाळी नऊला किती होती?" साहेबांनी विचारलं.

"बारा म्हटलं होतं."

"म्हटलं होतं म्हणजे काय?"

"म्हणजे म्हटलं होतं. मोजली नव्हती. माझी चूक."

पण नऊ वाजता न मोजता 'बारा' म्हणणारी सिसेल नव्हतीच. ती मी होते.

आमचं काम असं होतं. डुकराची उभी चिरलेली अर्धी बाजू, मानेपासून मागच्या पायापर्यंत अख्खी, मिठाच्या पाण्यात मुरून आमच्याकडे यायची. तिला आम्ही फाक म्हणायचो. क्रेस्टेन नावाचा उंच माणूस प्रत्येक फाकीच्या कातडीवर लाल शाईचा रूळ फिरवायचा. त्यात देशाचा शिक्का आणि आमच्या कारखान्याचा आकडा. मग चार फाकी एकावर एक, वरून तागाचं कापड, आणि सुतळीने चारी बाजू शिवून गासडी. ताग हिंदुस्थानातून येतो असं म्हणत. बेकन जायचं इंग्लंडला. आम्हाला राहायचे पाय, डोकं आणि काळीज, आणि काळ्या पावावर लावायला चरबी. तक्रार नाही. पाय चांगले लागतात.

शिवायला आठ बायका, आणि दाभणं बारा. मी शिवत नव्हते, दाभणं ओवून द्यायची. रिकामं दाभण माझ्या टेबलावर यायचं, सुतळी घालून परत जायचं. भिंतीवर एक फळी होती, तिला बारा खिळे. सकाळी कॉफीची घंटा झाली, जेवणाची झाली, सुट्टीची झाली, की सगळी दाभणं फळीवर टांगायची आणि मी मोजायची. सिसेल हॉलच्या त्या टोकाहून ओरडायची, "किती?" मी ओरडायची, "बारा!" मग आमची सुटका. खाणाऱ्याच्या ताटात लोखंड जाऊ नये म्हणून हा नेम सिसेलनेच घातला होता. इतर कारखान्यांत तो होता की नव्हता, मला माहीत नाही.

त्या गुरुवारी माझ्या धाकट्याला खोकल्याची उबळ होती आणि माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. नऊची घंटा झाली. सिसेलने विचारलं, "किती?" चर्चमध्ये पाद्री थांबला की आपण आमेन म्हणतो, तसं मी "बारा" म्हटलं आणि कॉफीकडे पळाले. जेवणाच्या वेळी मोजली तर अकरा. पुन्हा मोजली, अकरा. तिसऱ्यांदा बोट लावून मोजली. अकराच.

मी सिसेलला जाऊन सांगितलं. तिने स्वतः मोजली. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "नऊला बोट लावलं होतंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. नऊला बारा भरली असती, तर नऊनंतरच्या गासड्या उघडून भागलं असतं. आता सकाळी सहापासूनच्या सगळ्याच संशयात. एकशे चाळीस गासड्या, आणि त्यातल्या बहुतेक मालडब्यात चढलेल्या. चारला इंजिन येऊन डबा एस्बियर्ग बंदराला नेणार, आणि रात्रीच्या भरतीला जहाज.

"तू थप्पीमागे शोध," एवढंच ती म्हणाली, स्वतः गटार उपसलं आणि मग साहेबांना गाठायला गेली. म्हणून मी थप्पीमागे होते.

भांडण तिथे संपलं नव्हतं.

"आणि नाही थांबवली गाडी तर?" सिसेल म्हणाली. "तिकडे एखादी बाई सकाळी नवऱ्याला बेकन तळून देणार. त्याच्या घशात दाभण. कातडीवर आकडा कोणाचा? आपला. त्या दिवसापासून आपलं डुक्कर कोण घेईल?"

"आणि थांबवली तर? सोमवारच्या बाजाराला माल पोहोचला नाही तर दलाल मला काय म्हणेल? कोटा बांधून दिलाय इंग्रजांनी, सिसेल! जागा सुटली की दुसरा घेतो. मी इथला मॅनेजर आहे."

"आहात ना. आणि मी सभासद आहे. माझी दोन डुकरं, एक मत. जमीनदाराची दोनशे, त्यालाही एकच. तुम्हाला नेमलं तेव्हा मी हात वर केला होता. आठवतं का? मधल्या रांगेत, काळ्या टोपीत."

पलीकडून साहेबांच्या घड्याळाचं झाकण वाजलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घड्याळाचा गुलाम होता. मग म्हणाले, "उघड. सगळ्या उघड. पण दाभण सापडलं नाही आणि गाडी चुकली, तर सोमवारी येऊ नकोस."

"बरं," सिसेल म्हणाली. कॉफीत साखर हवी का विचारल्यावर म्हणावं, तसं.

सिसेलला ही नोकरी गेली तर काय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा छातीच्या दुखण्याने लवकर गेला, मूलबाळ नाही. माळरानाच्या कडेला दोन खोल्या आणि मागे डुकरांचं खोपट. लहानपणी एक दिवस शाळा आणि एक दिवस मेंढ्या, असं शिक्षण. मीही तशीच शिकले. आमच्या दोघींत मिळून एक पूर्ण शाळा झाली असेल. तिचं कुठेही अडत नसे, पण पन्नाशीच्या बाईला नवं काम कोण देणार? आणि त्या वर्षांत डुकरंसुद्धा कार्डावर होती. सरकारी कार्डं असतील तेवढीच डुकरं कारखान्याला द्यायची. तिच्याकडे दोन कार्डं. दोन डुकरांवर वर्ष निघत नाही.

ती हॉलमध्ये येऊन टाळ्या वाजवून म्हणाली, "बायांनो, आधी स्वतःला तपासा. ॲप्रन झटका, केस सोडा, बूट काढा."

आम्ही सगळ्या लाकडी बूट घालायचो, आत गवताच्या काड्या कोंबून, म्हणजे पाय ऊबदार राहतो. काड्या बाहेर आल्या, तळवे उलटे झाले. एकीच्या बुटातून हरवलेलं बटण निघालं, एकीच्या बुटातून काहीतरी पळालं आणि किंकाळ्या झाल्या. दाभण नाही.

"क्रेस्टेन, तूही."

"माझ्या बुटात मीच आहे, दुसरं कोणी नाही."

"मग आधी तू बाहेर ये. मला बघू दे."

त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, म्हणून तो तयार नव्हता, हे सगळ्यांना दिसलं. त्याही अवस्थेत सगळ्या हसल्या. मी सोडून.

मग डब्यातून गासड्या परत उतरवल्या. सुतळी कापायची, कापड उलगडायचं, चारी फाकी वेगळ्या करून दोन्ही हातांनी चाचपायच्या. कातडी, चरबी, बरगड्यांच्या खाचा, सगळं. मीठ आमच्या बोटांच्या भेगांत शिरत होतं. एक झाली, काही नाही. दुसरी, काही नाही. मी प्रत्येक फाकीत हात घालताना देवाला म्हणत होते, टोच मला, टोच रे बाबा. माणसाने टोचण्यासाठी प्रार्थना करावी अशी वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली.

मध्ये एकदा मी सिसेलजवळ सरकले. "सिसेलबाई, मी साहेबांना सांगते. मी सांगते की नऊला मीच—"

"फाक उलटी कर," ती म्हणाली.

"पण तुमची नोकरी—"

"अगं, तुझ्या घरी दोन पोरं आहेत. माझ्या घरी दोन डुकरं. डुकरं मला इथेच आणून द्यायची आहेत. पोरं कुठे देणार तू? कर उलटी."

अडीच वाजले. तीन. चाळीस गासड्या झाल्या, मग साठ. उघडलेल्या गासड्या भिंतीलगत पडलेल्या, कापडाची तोंडं आ वासून. बायकांचं बोलणं बंद झालं होतं. डेंग्सबो म्हणून एक तोंडाळ बाई होती, तिनेसुद्धा अर्धा तास कोणाला नाव ठेवलं नाही. आपली वेळ भरत आली हे मला त्यावरूनच कळलं.

साडेतीनला आमच्याकडे थंडाव्याचं यंत्र पाच मिनिटं बंद करत, तेल घालायला. दिवसभर त्याची धडधड असायची, इतकी की ती आहे हे ध्यानातच येत नसे. थांबली की मात्र कान उघडे पडल्यासारखे वाटायचे. त्याच वेळी साहेब दारातून आले. ते कचेरीत चामड्याचे बूट घालत, आणि हॉलच्या दाराशी त्यांचे लाकडी बूट ठेवलेले असत. ते घालून ओल्या जमिनीवर येत. डब्यापाशी दगडी फरशी होती. त्या फरशीवर ते हातात घड्याळ घेऊन उभे राहिले.

"किती झाल्या?"

"चौऱ्याहत्तर," सिसेल म्हणाली.

"आणि?"

"काही नाही."

"सहासष्ट उरल्या. अर्ध्या तासात त्या उघडून, सगळ्या पुन्हा शिवून होणार नाहीत."

"नाही होणार."

"चेअरमनना आता मला काय सांगावं लागेल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

सिसेलने ॲप्रनची गाठ सोडली. तो काढला, झटकला आणि चार पदरी घडी घालायला लागली, कोपऱ्याला कोपरा लावून. साहेब तिच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून वळले आणि फरशीवर येरझारा घालायला लागले. ती घडी बघून मी उठले. हात मिठाने माखलेले.

"साहेब," मी म्हटलं. "सकाळी नऊला सिसेलबाईंनी नाही, मी—"

"गप!" सिसेल म्हणाली.

"नाही, मी बोलणार. मी—"

"मेट्रीन, गप! सगळ्याच गप बसा."

मला वाटलं, अजून माझ्यावर पांघरूण घालतेय. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान तिरकी करून ती फरशीकडे बघत होती, कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

"साहेब, का थांबलात? चाला."

"काय?"

"चाला. इथून त्या खांबापर्यंत."

"सिसेल, तुला बरं वाटतंय ना?"

"चाला म्हणते ना."

साहेब चालले. यंत्र बंद, आम्ही गप्प. टक्. टिच्. टक्. टिच्. एक पाऊल लाकडाचं, एक पाऊल कसलं तरी वेगळंच.

"उजवा पाय वर करा," सिसेल म्हणाली.

"हे बघ—"

"नाल ठोकताना घोड्याचा करतात तसा. क्रेस्टेन, साहेबांना धर."

क्रेस्टेनने खांदा दिला. साहेबांनी एका हाताने त्याला धरलं आणि पाय मागे दुमडला. बुटाच्या तळव्यात, टाचेच्या खाचेत, आमचं दाभण आडवं बसलेलं. टोक ओल्या लाकडात बोटभर घुसलेलं, आणि नेढ्याचं टोक टाचेच्या कडेला जरासं बाहेर. तेच फरशीला लागत होतं.

सकाळी साडेआठला दर गुरुवारसारखी त्यांनी हॉलमध्ये फेरी मारली होती. कोणाच्या तरी हातून दाभण पडलं असेल, आणि साहेबांनी त्यावर पाय दिला. पातळ चपलेच्या माणसाने बोंब मारून गाव गोळा केलं असतं. इंचभर लाकडाला काय कळणार? आम्ही आठ शिवणाऱ्या, एक ओवणारी, क्रेस्टेन, गाडीवाले, झाडूवाला, सगळ्यांचे बूट उलटे करून पाहिले होते. साहेबांचे दाराशीच पडलेले होते, पण त्यांच्या तळव्याचा विचार आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नाही. सिसेलच्याही नाही. साहेबांना नेमायचं मत असून काय उपयोग, मी नंतर तिला म्हणायची.

क्रेस्टेनने पकडीने दाभण ओढून काढलं आणि वर धरलं. "बारा!" तो म्हणाला.

"तू कोण म्हणणारा?" सिसेल म्हणाली. "मेट्रीन. फळीवर लाव आणि मोज. बोट लावून. मोठ्याने."

मी धुतलं, टांगलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. सातपर्यंत आवाज नीट होता. आठला फाटला. बारा म्हणेपर्यंत मी रडत होते आणि माझ्यामागे सगळा हॉल हसत होता. डेंग्सबोबाई गासडीवर बसून मांड्यांवर हात आपटत होत्या. साहेब अजून एका पायावरच उभे होते. पाय खाली ठेवायचा असतो हे ते विसरले होते.

"म्हणजे सकाळपासून मीच ते घेऊन फिरत होतो?" ते म्हणाले. "घाईत बूट न बदलता बँकेत गेलो होतो मी, हेच घालून. दुपारी घरी जेवायला गेलो होतो."

"बायको काही म्हणाली नाही?" क्रेस्टेनने विचारलं.

"म्हणाली. फरशीवर ओरखडे काढू नका म्हणाली."

तेव्हा सिसेलसुद्धा हसली. तिचं हसणं आवाजाचं नव्हतं; खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मग तिने घडी घातलेला ॲप्रन उलगडला, पुन्हा बांधला आणि टाळ्या वाजवल्या.

"झालं हसून. चौऱ्याहत्तर तोंडं उघडी आहेत. मेट्रीन, सुतळी!"

चारचं इंजिन आमच्या डब्याशिवाय गेलं. पण साहेब त्याआधीच स्टेशनवर पोहोचले होते, तसेच लाकडी बुटात, टोपीशिवाय. सहाला एक माणसांची गाडी जायची, तिला कधी कधी मालडबा जोडत, तोही स्टेशनमास्तरांची मर्जी असली तर. साहेबांनी मास्तरांना काय सांगितलं ते त्यांनी मरेपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. परत आले ते धापा टाकत. "सहाला जोडतोय. पावणेसहाला दार बंद." मग कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "मी काय करू?"

"कापडाचं तोंड धरा," सिसेल म्हणाली. "दोन्ही हातांनी. असं नाही. बाळाला लंगोट बांधताना धरतात तसं."

"मला मुलं नाहीत."

"मग आज शिका."

क्रेस्टेननेही दाभण घेतलं, आणि शेवटी शेवटी साहेबांनीही. तेवढ्या वेळात मी जितकी दाभणं ओवली, तितकी नंतर कधी आठवड्यात ओवली नसतील. बोटं सुजली, पण मला काही जाणवत नव्हतं; छातीवरचा दगड उतरला की बाकीचं शरीर हलकंच लागतं. साडेपाचला शेवटची गाठ बसली. गासड्या चढल्या, दार सरकलं, कडी पडली. मग सिसेल हॉलच्या त्या टोकाला गेली. मुद्दाम चालत तिथपर्यंत गेली, आणि ओरडली, "किती?"

मी बोट लावून मोजली. "बारा!"

सहाच्या गाडीने आमचा डबा नेला. आम्ही सगळ्या फाटकाशी उभ्या राहून बघत होतो, जणू घरचं कोणी परदेशी निघालंय. गाडी वळणाआड गेल्यावर डेंग्सबोबाई म्हणाल्या, "आता मी जाते, नवऱ्याला वाटेल मलाच शिवून पाठवलं." आणि सगळ्या घरी गेल्या. मी घरी आले तर धाकटा खोकल्याशिवाय झोपला होता. असे दिवस असतात.

तीन आठवड्यांनी लंडनच्या दलालाचं पत्र आलं. साहेबांनी ते जेवणाच्या वेळी हॉलमध्ये वाचून दाखवलं. माल उत्तम, रंग चांगला, वजनं बरोबर. फक्त सहा गासड्यांची शिवण पाहून गोदामातले लोक विचारत होते, तुमच्याकडे आता दारुडे कामाला ठेवलेत का? क्रेस्टेन म्हणाला, "तीन माझ्या, तीन साहेबांच्या." साहेबांनी पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "चार माझ्या."

त्या हिवाळ्यात सभासदांच्या सभेत सिसेल मधल्या रांगेतून उठली, त्याच काळ्या टोपीत. सभेत बाई बोलायला उठणं फारसं होत नसे. तिने दोन ठराव मांडले. मोजणी एकीने करायची आणि दुसरीने तपासायची, हा पहिला. हॉलमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणीही असो, दाराच्या चौकटीला हात लावून दोन्ही पाय मागे वळवून तळवे बघायचे, हा दुसरा. जमीनदारांनी विचारलं, "कोणीही म्हणजे चेअरमनसुद्धा?" ती म्हणाली, "चेअरमनना पाय असतील तर, हो." हात वर झाले. पहिला हात विदबेर्गसाहेबांनी वर केला होता. त्यांना मत नव्हतं, हे कोणीतरी आठवण करून दिल्यावर खाली घेतला.

तेव्हापासून एगट्रुपला नवा माणूस कामाला आला की तो आधी हसायचा. मोठमोठे पुरुष दाराशी बगळ्यासारखे उभे राहून तळवे बघतायत, हे हसण्यासारखंच होतं. आठवड्याने तोही बघायला लागायचा. माझी पोरं शाळेतून घरी आली की उंबऱ्याशी तेच करायची. मी काही शिकवलं नव्हतं.

नऊच्या त्या 'बारा'बद्दल सिसेल कोणाजवळ कधी बोलली नाही. मी एकदा, बऱ्याच वर्षांनी, विदबेर्गसाहेबांच्या निरोपाच्या कॉफीला त्यांना सांगितलं. म्हटलं, साहेब, ती चूक माझी होती. ते म्हणाले, "मला माहीत होतं. सिसेल न मोजता बारा म्हणेल? तिने तर माझ्या लग्नातले पाहुणे मोजले होते." आणि माझ्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला.

पुढे तागाचं कापड गेलं. बेकनचे तुकडे करून प्लॅस्टिकात बंद करायला लागले, थंड मोटारीतून सरळ जहाजावर. शिवायला काही उरलं नाही. सिसेल निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने तिला काय हवं विचारलं. घड्याळ देणार होते, तिने फळी मागितली. बारा खिळ्यांची फळी तिच्या स्वयंपाकघरात लागली. एका खिळ्यावर डाव, एकावर किल्ली, एकावर चष्मा. दाभणं कारखान्याची, म्हणून तिने एकही ठेवून घेतलं नाही. मला मात्र शिवणकामाच्या शेवटच्या दिवशी क्रेस्टेनने एक दाभण गुपचूप दिलं होतं. साहेबांच्या टाचेतलं तेच, असं त्याचं म्हणणं. टोकाशी जरा वाकडं आहे, तेव्हा असेलही.

दर शरदात माळावरचा वारा सुरू झाला की सिसेल माझ्याकडे ते दाभण मागायला यायची. बटाट्याची पोती शिवायची, खोपटाच्या फटीला गोणपाट लावायचं. डुकरं राहिली नव्हती, पण खोपट उघडं बघवत नाही म्हणायची. सकाळी न्यायची आणि त्याच दिवशी अंधार पडायच्या आत परत आणायची. मी शंभरदा म्हटलं, राहू दे गं तुझ्याकडे, माझं काय अडलंय. ती म्हणायची, "उसनं ते उसनं."

त्र्याऐंशीव्या वर्षीही आली. ऑक्टोबरातला गुरुवार होता. रविवारी पहाटे ती झोपेतच गेली, पण ते तेव्हा तिला माहीत नव्हतं आणि मलाही. सकाळी नेलेलं दाभण परत द्यायला अंधाराआधी काठी टेकत आली. लाकडी बूट उंबऱ्याबाहेर काढले, मोज्यांनी आत आली. दाभण बुचात खोचून आणलं होतं, नेहमीसारखं, टोक आत. टेबलावर ठेवलं.

"पोती झाली?" मी विचारलं.

"सहा झाली. सातव्याला उंदराने भोक पाडलंय, त्याला ठिगळ लावलं."

"कॉफी घे."

"नको, वारा वाढतोय. मोज."

"अगं, एकच तर आहे."

"मोज."

मी बुचावर बोट ठेवलं. "एक."

"बरं," ती म्हणाली.

तिने बाहेर जाऊन बुटात पाय घातले. मग चौकटीला हात लावला, काठी काखेत धरली, डावा पाय मागे वळवून तळवा पाहिला, मग उजवा, आणि माळाच्या वाटेने घरी गेली.